पाळणा म्हणायचं नाही

पेन्शनीत निघालेला पुरुष आणि पावसात घरात शिरलेलं मांजर, दोघंही सारखीच पायात येतात. मांजराला निदान फडकं दाखवून हाकलता येतं. आमच्या ह्यांनी जन्मभर जंगल खात्यात गार्डाची नोकरी केली, कणकुंबीच्या रानात दुसऱ्यांची लाकडं पकडली, आणि शहापुरात येऊन बिऱ्हाड मांडल्यावर एके दिवशी बाजारातून पिशवी भरून घेऊन आले. मला वाटलं, वांगी. पिशवी ओतली तर करवत, रंधा, पटाशी आणि हातोडी.

ह्यांचं नाव मी लिहीत नाही. नाव घ्यायचं तर उखाणा घालावा लागतो, आणि उखाण्याला समोर चार बाया लागतात. इथं मी एकटीच बसले आहे. गल्लीत सगळे ‘गार्डआप्पा’ म्हणतात, तेवढ्यावर भागवून घ्यावं.

“अगं, जन्म लाकडात गेला माझा,” हे म्हणाले. “झाड हुबं असताना सांगतो आत गाठ कुठं हाय.”

सांगत असतील. पण झाडातली गाठ ओळखणं निराळं आणि पाटाचे पाय सारखे करणं निराळं. पहिला पाट केला तो बसलं की डुलायचा. एक पाय लांब झाला म्हणून हे तो कापायचे, की दुसरा लांब व्हायचा. तो कापला की तिसरा. असं करता करता पाटाला पायच उरले नाहीत, नुसती फळी उरली. ती मात्र अजिबात डुलत नव्हती. तिच्यावर मांडी घालून हे म्हणाले, “बघ, जमला का न्हाय?” मग पोळपाट केला. त्याच्यावर लाटलेली पोळी आपली आपण डाव्या अंगाला सरकायची. मी म्हटलं, सोय झाली, आता चूलच डाव्या अंगाला घालून घेते.

इथवर ठीक होतं. घरातली अब्रू घरात गेली तर तिला कोण बघतंय! पण आमची सत्यवती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, आणि ती उंबऱ्यातून आत येऊन नीट टेकतेय न टेकतेय तोच ह्यांनी जाहीर केलं, “नातवंडाचा पाळणा मी करणार. बाजारचा आणायचा न्हाय.”

माझा पिठातला हात पिठातच राहिला.

आता हे नीट समजून घ्यायला पाहिजे. पहिल्या बाळंतपणाला पाळणा आजोळचा. बारसं त्यात करायचं आणि लेक सासरी निघाली की बाळंतविड्याबरोबर तो पाळणाही जायचा, ही आमच्याकडची रीत. सत्यवतीचं सासर निपाणीचं. तंबाखूची वखार, दारात स्वतःची मोटार, आणि त्या मोटारीपेक्षा जास्त आवाज करणारी आमची विहीण बायाक्का. लग्नात आम्ही तांब्याचं घंगाळ दिलं, तर भर मांडवात तिनं ते बोटानं वाजवून बघितलं, बाजारात माठ वाजवावा तसं. असल्या बाईच्या पुढ्यात ह्यांच्या हातचा पाळणा जाणार.

मी म्हटलं, “पोर त्यात निजायचं हाय. घसरायचं न्हवं.”

हे नुसते आपल्या हातांकडं बघत बसले. रानात होते तेव्हा ह्यांच्या शिट्टीवर गाड्या थांबायच्या. आता दूधवालासुद्धा दारात येऊन हाक मारायचा ती मला. ‘आप्पा हायत काय’ असं विचारत कोणी आलंच तर ते करवत उसनी मागायला. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी गप्प बसले. मी गप्प बसले की आमच्या घरात ती परवानगी धरतात, इतकं ते क्वचित घडतं.

कणकुंबीला ह्यांच्या भावाच्या परड्यात एक जुना फणस वाऱ्यानं पडला होता. त्याचा चांगला जाड ओंडका गुंडू गाडीवानाच्या गाडीवर घालून निघाला. खानापूर झालं, बेळगाव झालं, तिथवर कोणी हटकलं नाही. पण शहापूर सांगली संस्थानातलं आणि बेळगाव इंग्रजाचं. बेळगावात कोणी शिंकलं तर आम्हाला ऐकू येतं, पण लाकूड आणायचं म्हटलं की राज्य बदलतं आणि मधे नाका लागतो. हे गाडीला सामोरे म्हणून नाक्यावर गेले. पुढचं मला गुंडूनं सांगितलं, ते तसंच सांगते.

नाक्यावरचा कारकून नवा होता, पण ओळख ठेवून होता. म्हणाला, “गार्डआप्पा, तुमचंच काय? फणस दिसतोय. न्या, न्या.”

दुसरा कोणी असता तर रामराम घालून बैल हाकले असते. हे जागचे हलेनात.

“दाखला न बघता सोडतोस?”

“घरच्या झाडाचं हाय न्हवं?”

“घरचं हाय हे तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच की, आप्पा.”

“मी सांगितलं म्हणून खरं? आणि मी चोर असलो तर?”

“तुम्ही चोर हाय काय?”

“न्हाय. पण तपास नको?”

मग हे तिथंच उभे राहून त्याला समजावायला लागले: लाकूड कसं अडवायचं, शिक्का कुठं बघायचा, दाखला नसला तर माल उतरून कसा ठेवायचा. त्या बिचाऱ्याला वाटलं वरून कोणी परीक्षा घ्यायला पाठवलंय. त्यानं घाबरून ओंडका उतरवला आणि जप्त केला. गुंडू मोकळी गाडी घेऊन दारात आला तो हसू दाबतच. “मालूआक्का, सगळ्या जन्मात असं बघितलं न्हाय. आप्पांनी आपलं लाकूड आपणच धरून दिलं!”

मागून हे आले, छाती काढून. “पोरगं हुशार हाय. एकदा सांगितलं आणि कळलं.”

“आणि पाळणा?”

“कणकुंबीच्या पाटलाचा दाखला मागवला की झालं.”

पाटील लेकीकडे लोंढ्याला गेले होते. ते परत आले तर त्यांचा चष्मा लोंढ्याला राहिला. चष्मा आला, दाखला आला, तर नाक्याचे साहेब फिरतीवर. ह्या सगळ्यात सत्यवतीचे दिवस भरत आले, आणि तिकडं नाक्यावर चिंचेखाली पडलेला आमचा ओंडका लोकांच्या अंगवळणी पडला. गाडीवाले त्याच्यावर विडी ओढायला बसायचे, साहेब आले की साहेबही बसायचे. शेवटी लाकूड सुटायला मोकळं झालं, पण त्याच्यावरची माणसं उठायला तयार नव्हती. हे रोज जायचे आणि तिथंच टेकून गप्पा मारून यायचे. विचारलं तर म्हणायचे, “होईल. खात्यात असंच असतं.”

तेव्हा मी पदर खोचला, पानाची चंची घेतली, नाक्यावर गेले आणि ओंडक्याच्या मधोमध बसले. दोन गाडीवाले होते ते आपोआप उठले.

कारकून बाहेर आला. “अम्मा, हितं सरकारी काम चालतंय.”

“चालू दे की. मी कुठं अडवलंय? माझ्या लाकडावर मी बसलेय.”

“येन माडली, अम्मा? मी तरी काय करू? साहेबांच्या कानावर घालावं लागतंय.”

“घाल. तवर मी पान खाते. तू खाणार?”

त्यानं पान घेतलं. माझं पान घेतलं की माणूस संपला. मी त्याला गाव विचारलं, आईचं नाव विचारलं, लग्न झालंय का विचारलं. नाही म्हणाला. मी म्हटलं, “माझ्या नात्यात एक मुलगी हाय. देखणी. कामाला वाघीण. आणि बोलायला म्हणशील तर अगदी माझ्यासारखी. मी रोज येते हितं, आपण सावकाशीनं ठरवू.”

दुपारच्या आत ओंडका आमच्या दारात होता. कारकुनानं स्वतः मागून ढकलला.

लाकूड आलं आणि गल्ली आली. आमची भिंतीला भिंत यमनाप्पा विणकराची. तो दिवसभर आपल्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून खटखट विणत असतो. त्याची बायको मनुबाई ओंडक्याभोवती एक फेरी घालून म्हणाली, “मालूआक्का, एक इचारू? बाळ यायच्या आधी घरात पाळणा आणतात व्हय गं?”

हातातलं सूप खाली ठेवलं मी. हे मला सुचलं कसं नाही! रिकामा पाळणा घरात ठेवू नये, आणि तो हलला तर विचारायलाच नको. मी कशाला भिणारी बाई नव्हे, पण लेकीच्या पहिल्या बाळंतपणात माणूस पालीच्या चुकचुकण्यालासुद्धा ‘कृष्ण कृष्ण’ म्हणतं. आणि बाळ आल्यावर करायला घ्यावा, तर ह्यांच्या हाताचा वेग बघता त्या पाळण्यात बाळाचं बाळ निजलं असतं.

तोड गल्लीनं मिळून काढली. समोरची जयाबाई म्हणाली, “तुकड्यातुकड्यानं करा आणि वेगवेगळ्या घरांत ठेवा. एका छपराखाली न्हाय आलं तर तो पाळणा कसा हुईल?”

“आणि तोंडानं पाळणा म्हणायचं न्हाय,” मनुबाईनं पुस्ती जोडली.

झालं, ठरलं. बाळ निजायचं खोकं जयाबाईकडं. दोन खांब शेवटच्या घरातल्या केदारीकडं. खोकं टांगायचा लांब दांडा यमनाप्पाकडं. आणि पाळण्याला म्हणायचं ‘ते’. येताजाता जो तो खालच्या आवाजात विचारायचा, “आप्पा, ‘ते’ कुठवर आलं?” लांबून सत्यवतीला भेटायला आलेल्या एका पाहुणीनं ती कुजबुज ऐकली, दारातली लाकडं आणि दोरी बघितली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “घरात कोण आजारी हाय?” तिला मी चहासुद्धा दिला नाही.

सल्ले मात्र सगळ्यांनी दिले. केदारी म्हणाला, खांबांना वार्निश नको, एरंडेल लावा. जयाबाई म्हणाली, वास येईल, खोबरेल लावा. यमनाप्पा म्हणाला, काही लावू नका, लाकडाला श्वास घेऊ द्या. ह्यांनी एका खांबाला एरंडेल लावलं, दुसऱ्याला खोबरेल, दांडा कोरडा ठेवला आणि कोणाचंही मन मोडलं नाही.

खोकं पुरं झालं त्या दिवशी ह्यांनी ते माझ्यापुढं आणून ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. फणसाचं लाकूड, हळद लावल्यासारखं पिवळं. मी उलटून बघितलं, पालटून बघितलं, कोपऱ्यात बोट घातलं, कडेवरून तळहात फिरवला. एक कुसळ लागलं नाही. खोट सापडेना. मला फार वाईट वाटलं.

“बरं हाय,” मी म्हटलं.

एवढ्यावर माणूस दिवसभर शीळ घालत हिंडत होता. तोवर मला माहीतही नव्हतं की ह्यांना शीळ येते.

सत्यवतीला मुलगी झाली. गोरी, लांब बोटांची, आणि आवाजाला माझ्यावर गेलेली. निपाणीला सांगावा धाडला, बारशाचा दिवस ठरला, आणि बायाक्काचा उलटा निरोप आला: आजोळचा पाळणा तयार असला तर छान, नसला तर संकोच करू नका, आमच्यात पिढीजात शिसवी पाळणा आहे, मोटारीवर घालून आणू. आता बघा, ह्यात शिवी कुठं आहे दाखवा. कुठंच नाही. म्हणूनच ती जास्त लागते. मी निरोप्याला सांगितलं, “म्हणावं, पाळणा केव्हाचाच तयार हाय. मोटारीत माणसं आणा.”

बारशाच्या आदल्या दिवशी हे हातोडी घेऊन तुकडे गोळा करायला निघाले. मागून मी.

केदारीकडं गेलो. खांब दिसेनात. केदारीनं डोकं खाजवलं. “आप्पा, म्हस नवी आणली. दावं बांधायला खुंट नव्हता. तुमचे खांब तसे पडूनच हुते...”

“मग?”

“एक मोडला.”

“आणि दुसरा?”

“म्हशीसंगं गेलाय चरायला. गळ्यात हाय तिच्या.”

जयाबाईकडं गेलो. खोकं होतं, पण त्यात गवत, आणि गवतावर कोंबडी पसरून बसलेली. ह्यांनी हात पुढं केला तशी तिनं टोचलं. मी जयाबाईला म्हटलं, “हे काय गं, सटवे?”

“तुम्हीच म्हणाला न्हवं, रिकामं ठेवू ने?” जयाबाई म्हणाली. “म्हणून भरलं.”

घ्या! कोंबडीची समजूत काढून, अंडी टोपलीत घालून खोकं ताब्यात घेतलं आणि यमनाप्पाकडं गेलो. तो मागावर होता. दांडा कुठं म्हणून विचारलं तर त्यानं न थांबता वर मान केली. आम्हीही वर बघितलं. विणताना पुढंमागं झुलणारी ती जड फणी असते ना, धागा ठोकून बसवणारी, ती टांगायचा मागावरचा दांडा तडकला म्हणून त्यानं आमचा चढवला होता.

“लाकूड रिकामं ऱ्हायलं की वाकतंय, आप्पा. कामाला लावलं. बघा कसं सरळ ऱ्हायलंय.”

“उतरव,” मी म्हटलं.

“उतरवतो की. पण हे लुगडं पुरं हुईस्तवर न्हाय. आता फणी हलली तर सगळी वीण बिघडंल. उद्या सांजंपातूर पदर पुरा हुतोय.”

मी लुगड्याकडं बघितलं. अंजिरी रंग, रेशमी काठ. बायाक्काच्या मानाचं लुगडं. मीच घालायला सांगितलेलं, आणि रोज येऊन ‘काठ रुंद कर, अजून रुंद कर’ म्हणून मीच लांबवलेलं. म्हणजे दांडा काढला तर विहिणीला लुगडं नाही, आणि न काढला तर नातीला पाळणा नाही.

“काप,” मी म्हटलं. “बायाक्काला आखूड चालंल.”

यमनाप्पाचे हात थांबले. हे म्हणाले, “कापायचं न्हाय. त्याच्या हातातलं काम हाय ते.” आणि खोकं मांडीवर घेऊन तिथंच पायरीवर बसले. खोक्याच्या कडेला कोंबडीचं एक पीस चिकटलं होतं, ते काढून टाकलं. मग म्हणाले, “जाऊ दे. त्यांचा शिसवी येऊ दे. पोरीला काय, निजायला मिळाल्याशी कारण.”

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण साधं म्हटलं, नाक्यावर ‘होईल’ म्हणायचे तसं. ते मला सोसेना. ह्यांना नावं ठेवायचा हक्क माझा. पाच पंचांसमोर अक्षता पडल्या तेव्हा तो मला मिळालाय आणि मी तो रोज वापरून लख्ख ठेवलाय. त्यातला वाटा निपाणीला द्यायला मी तयार नव्हते.

मी पुन्हा वर बघितलं. आमच्या ह्यांचं माप म्हणजे जंगल खात्याचं, चार बोटं जादा धरायची सवय. दांडा मागापेक्षा पुष्कळच लांब झाला होता. यमनाप्पानं तो कापला नव्हता, एवढी अक्कल त्याला देवानं दिली. उरलेलं टोक त्यानं पलीकडच्या भिंतीत भोक पाडून बसवलं होतं. माग आणि भिंत ह्यांच्यामधे चांगली ऐसपैस जागा होती.

“दांडा पाळण्याकडं येत न्हाय न्हवं?” मी म्हटलं. “मग पाळणा दांड्याकडं न्या.”

“मागावर बारसं?” यमनाप्पा खड्ड्यातून अर्धा वर आला.

“मागावर कोण म्हणतंय? शेजारी.”

“मला उद्या विणावं लागतंय, आक्का.”

“तू इण की. तुला कोण बारशाला बोलवतंय?”

हे खोकं उचलून पायरीवरून उठले.

दुसऱ्या दिवशी मोटार आली ती शिंग वाजवत. टपावर दोरीनं बांधलेला शिसवी पाळणा, काळा कुळकुळीत, पितळी साखळ्या, साखळ्यांना पितळी राघू. मी म्हटलं होतं माणसं आणा, तर बायाक्का पाळणा आणून वर त्याच्या निमित्तानं माणसं घेऊन आली होती. आमच्या सोप्यात नजर फिरवून म्हणाली, “पाळणा दिसंना तो?”

“हाय की. शेजारी हाय. आधी पाणी घ्या.”

पण तिनं आपला सोप्यात मांडायलाच लावला. मांडून होतोय तोवर हे पुढं झाले आणि त्या पाळण्याखाली वाकले. मला वाटलं काही पडलं. मग ओळखलं. मी चहाचं निमित्त करून जवळ गेले. हे पुटपुटले, “शिसव हाय गं. शिक्का कुठंच न्हाय.”

“आज जप्त केलात तर बघा,” मी ओठ न हलवता म्हटलं आणि दंडाला चिमटा काढला.

“इवाई काय शोधत्यात?” बायाक्कानं मला विचारलं.

“नक्षी बघत्यात.”

बायाक्कानं नातीला शिसवी पाळण्यात ठेवलं. पोरीनं एकदा राघूंकडं बघितलं आणि असा सूर लावला की लोंढ्याच्या इंजिनानं लाजावं. बायाक्कानं हलवलं, साखळ्या खुळखुळल्या, आवाज चढला. दुसऱ्या बाजूनं हलवलं, आणखी चढला. भूक असेल म्हणून सत्यवतीजवळ दिली, तर तिथंही तेच. बाळंतीण रडकुंडीला आली. मग तीच म्हणाली, “आई, आज माग का बंद हाय?”

खरंच की! मनुबाईनं पाहुण्यांच्या मानासाठी नवऱ्याचं विणणं तेवढा वेळ थांबवलं होतं. आमची भिंतीला भिंत. ही पोर आईच्या पोटात असल्यापासून ती खटखट ऐकत आलेली. जन्मली तेव्हाही ऐकत होती. शांतता तिला ठाऊकच नव्हती.

“चला,” मी म्हटलं.

“बारसं मागाच्या खोलीत?” बायाक्का दारात थबकली. “माणसं काय म्हणतील, मालुबाई?”

“माझं म्हणून झालं की मग माणसं म्हणतील. चला.”

पाळणा टांगला होता. खाली रांगोळीचा चौक, वर झेंडूच्या माळा, शेजारी अंजिरी लुगडं मागावर ताणलेलं. बायाक्कानं जवळ जाऊन खोक्यावर बोट वाजवलंच. मग आत हात घालून एक पीस बाहेर काढलं. “हे काय?”

“मऊ लागावं म्हणून घातलंय,” मी म्हटलं.

बारशाला पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात, कुंची घालून, आणि मग बाळ. बायाक्का म्हणाली, “आधी वरवंटा ठेवा. कितपत पेलतंय बघू तरी.” त्यातला तो ‘कितपत’ मला झोंबला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “वरवंटा कशाला? पाटाच ठेवू की.”

बोलून बसले खरी. पण शब्द परत घ्यायची सवय मला नाही. लहानपणी कोणी शिकवलीच नाही. मनुबाई आणि जयाबाईनं दोन्ही अंगांनी धरून मसाला वाटायचा तो दगडी पाटा आणला. यमनाप्पा खड्ड्यातून बघत होता. हे भिंतीला टेकून उभे होते आणि नजरेनं एकेक सांधा तपासत होते. बायांनी पाटा खोक्यात ठेवला. दोऱ्या ताणल्या. दांडा वाकला. मागाचे खांब कर्रर्र बोलले.

“आक्का, माझा माग!” यमनाप्पा ओरडला.

पण खोकं हललं नाही. एक सांधा उघडला नाही. मी दहा बोटं खाली घालून चाचपलं. ह्यांनी बायाक्काकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मी मोठ्यानं म्हटलं, “लई झकास झालंय!” सगळ्या बाया ऐकत असताना. पाटा काढल्यावर यमनाप्पाचा जीव भांड्यात पडला आणि तो मुकाट विणायला बसला.

मग पोरीला ठेवलं. फणीचा ठोका पडला की दांडा थरथरायचा आणि पाळणा आपला आपण झुलायचा. खट, की इकडं. खट, की तिकडं. पोरीनं हुंदका गिळला, मूठ तोंडात घातली आणि डोळे मिटले. कानात हळूच सांगायचं नाव तिच्या आत्याला मागाच्या आवाजावर ओरडून सांगावं लागलं, त्यामुळं ‘सुमित्रा’ हे नाव पोरीच्या आधी केदारीच्या म्हशीला कळलं.

बायाक्का उभीच होती. थोड्या वेळानं बसली. मग सरकून पुढं बसली. एका बाजूला नात झुलतेय, दुसऱ्या बाजूला आपल्या मानाच्या लुगड्याचा पदर बोटबोट वाढतोय. बाईची मान इकडून तिकडं हलत होती. तिचा गडी दारात येऊन विचारून गेला, शिसवी पाळणा टपावर चढवू काय. ती म्हणाली, “चढव. आणि परत जाताना ह्याला जागा ठेव. दांड्यासकट न्यायचाय.”

वीण चालू होती तोवर पाळण्याला दोरीची गरजच नव्हती. पण हे पाळण्याशेजारी पायावर पाय घालून बसले होते आणि दोरी त्यांच्या हातात होती. हलवत नव्हते, नुसती धरून होते, कोणी नेईल म्हणून.

बायाक्काला राहवेना. आमच्यात व्याही-विहीण समोरासमोर बोलत नाहीत. शेजारी बसले तरी बोलणं माझ्यामार्फत. लग्नापासून त्या दोघांमधला प्रत्येक निरोप मी पोचवत आले, आणि पोचवताना त्यातलं मीठ कमी कर, गूळ जास्त घाल, असं करत आले. नाहीतर ही सोयरीक केव्हाच तुटली असती.

“मालुबाई,” बायाक्का म्हणाली, “इवाईंना सांगा, जरा दोरी आजीकडं द्या म्हणावं.”

ह्यांनी मान वर केली नाही. पोरीच्या मुठीवरून बोट फिरवत सावकाश म्हणाले, “त्यांना सांग, नंबरानं या म्हणावं. आधी आजा.”

आणि तेवढा निरोप मी जसाच्या तसा पोचवला. एक अक्षर बदललं नाही.